पाकीट प्रवाशाचे, जबाबदारी कोणाची?

खिसेकापूंपासून सावध राहा आणि आपल्या सामानाची काळजी आपणच घ्या, अशी सूचना महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या रेल्वे स्थानकावर आणि एसटी आगारात दिवसभर ऐकू येते. सूचनेत चूक काहीच नाही. गर्दीत निष्काळजी राहणाऱ्याचे पाकीट जाणार, हा अनुभव आहेच. मात्र वर्षानुवर्षे तीच सूचना ऐकून एक समजही दृढ झाला आहे. पाकीट गेले तर ते प्रवाशाच्या गाफीलपणामुळे गेले, आणि त्यावर कोणाकडे दाद मागण्यात अर्थ नाही, असे बहुतेकांना वाटू लागले आहे. या समजाचा सर्वाधिक फायदा होतो तो चोरट्यांना.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, खिसे कापणाऱ्या टोळ्यांसाठी वेगळे कलम आले आणि त्याचवेळी पाच हजार रुपयांच्या आतील चोरीबाबत कायदा सौम्यही झाला. दुसरीकडे, खिशातील वस्तूंचे मोल बदलले आहे. पूर्वी पाकीट गेले की त्यातील रोकड जात असे. आज मोबाइल गेला की बँकेच्या खात्याची किल्ली जाते. या बदललेल्या परिस्थितीत प्रवाशाने काय करावे आणि यंत्रणेकडून काय अपेक्षावे, याचा विचार आवश्यक झाला आहे.

चोरी घडते कशी?

खिसा कापणे हे हातचलाखीचे काम मानले जाते. परंतु ते प्रामुख्याने वेळ साधण्याचे काम असते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतून दररोज सुमारे ७० लाख प्रवासी ये-जा करतात. दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण अशा स्थानकांवर गाडी थांबते ते काही सेकंदच, आणि तेवढ्या अवधीत उतरणारे व चढणारे एकमेकांना रेटत असतात. एरवी अंगाला परक्याचा हात लागला तर माणूस चटकन वळून पाहतो. या रेट्यात मात्र दहा हात लागत असल्याने अकरावा जाणवत नाही. त्यातच वरची कडी धरण्यासाठी हात उंचावलेला असतो आणि शर्टाचा व पँटचा खिसा पूर्णपणे उघडा पडलेला असतो.

हे काम सहसा एकटादुकटा करीत नाही. एक जण दारात अडून राहून वाट रोखतो, दुसरा मागून धक्का देतो, तिसरा हात मारतो आणि हाती आलेला ऐवज क्षणार्धात चौथ्याकडे सरकवतो. त्यामुळे संशयित जागीच पकडला गेला, तरी झडतीत त्याच्यापाशी काहीच सापडत नाही.

एसटी स्थानकावरील चित्र याहून फारसे वेगळे नाही. मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत मिळू लागली आणि महिला प्रवाशांची संख्या वाढली. सवलत स्वागतार्हच आहे. परंतु बस फलाटाला लागताच एकाच दाराशी होणारी झुंबड तशीच राहिली. एसटीत चढताना मंगळसूत्र किंवा पर्समधील दागिने लंपास झाल्याच्या बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात, त्या बहुतांशी या दाराशीच घडलेल्या असतात. सोन्याचा दर २०२५ मध्ये तोळ्याला एक लाख रुपयांच्या पुढे गेला, हे लक्षात घेता दोन तोळ्यांचे मंगळसूत्र म्हणजे अनेक कुटुंबांची आयुष्यभराची शिल्लक असते. खिडकीतून रुमाल किंवा पिशवी टाकून जागा धरण्याची आपल्याकडील जुनी रीतही चोरट्यांच्या सोयीची आहे. पिशवी आत आणि मालक बाहेर, अशी ती काही मिनिटे असतात.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत वेळ वेगळी असते. मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या सुमारास, प्रवासी गाढ झोपेत असताना चोरटा सावकाश डबा हेरतो. सिग्नलपाशी गाडी मंदावली की चार्जिंगला लावलेला फोन किंवा खिडकीजवळची पर्स घेऊन तो खाली उतरतो. ओळख वाढवून गुंगीचे औषध घातलेला चहा-बिस्किटे देणाऱ्यांचा प्रकार जुना असला, तरी बंद झालेला नाही.

यावरून सावधगिरीची दिशा आपोआप ठरते. चोवीस तास धास्तावून राहणे कोणालाच शक्य नसते, आणि त्याची गरजही नाही. सावध राहायचे ते मोजक्या क्षणी: चढताना, उतरताना, तिकिटाच्या खिडकीवर पैसे काढताना आणि झोपण्यापूर्वी. गाडी येण्याआधीच फोन व पाकीट बंद चेनच्या आतल्या खिशात जावे. पाठीवरची बॅग पोटाशी घ्यावी. दागिने घरीच उतरवावेत, किमान कपड्यांच्या आत घ्यावेत. तिकिटापुरते सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवले, तर गर्दीत पाकीट उघडण्याची वेळच येत नाही. लोकलमध्ये रॅकवरची बॅग आपल्या नजरेसमोर असावी, डोक्यामागे नको. शयनयान डब्यात खालच्या बाकाखाली साखळीसाठी कड्या असतात. मोठी बॅग त्यांना कुलपाने अडकवावी आणि कागदपत्रे, रोकड व औषधे असलेली छोटी पिशवी अंगाशी ठेवावी. रस्त्याने चालताना पर्स रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावर असावी. रिक्षात ती मांडीवर ठेवून पट्टा हाताला गुंडाळण्यापेक्षा दोन प्रवाशांच्या मध्ये ठेवणे अधिक सुरक्षित. दुचाकीवरून आलेल्याने पट्टा ओढला आणि तो हाताभोवती घट्ट असेल, तर प्रवासी फरफटत जाण्याचा धोका असतो.

हा जिवाचा धोका मुंबईच्या लोकलमध्ये सर्वाधिक ठळकपणे दिसतो. रुळालगत किंवा खांबाआड उभे राहून, दारात फोनवर बोलणाऱ्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारायचा आणि खाली पडलेला फोन उचलून पळायचे, अशी ‘फटका’ टोळ्यांची पद्धत आहे. फटक्याने तोल जाऊन किंवा फोनमागे झेप घेतल्याने प्रवाशांना अपंगत्व आले आहे, प्राणही गेले आहेत. कायद्याच्या दृष्टीने ही साधी चोरी उरत नाही. चोरीसाठी इजा केली की ती जबरी चोरी ठरते आणि त्यासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकते. परंतु शिक्षेच्या धाकापेक्षा दारातून आत सरकणे प्रवाशाच्या अधिक उपयोगाचे आहे. गेलेल्या फोनमागे उडी न घेणे, हा तर नियमच समजावा.

फोन नव्हे, तिजोरी

चोरलेला मोबाइल पूर्वी चोरबाजारात विकला जाई आणि नुकसान तेवढ्यावर थांबे. आता अनेक प्रकरणांत फोनची विक्री हा दुय्यम भाग झाला आहे. गर्दीत शेजारी उभे राहून आधी पासवर्ड टिपला जातो आणि मग फोन उचलला जातो. पासवर्ड ठाऊक नसला, तरी सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की बँकेचे ओटीपी तिकडे येऊ लागतात. यूपीआयचा पिन नव्याने ठरवण्यासाठी डेबिट कार्डावरील शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत व ओटीपी एवढीच माहिती पुरते. आणि डेबिट कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवण्याची सवय तर असंख्य जणांना आहे! कुलूप आणि किल्ली एकाच हाती देण्यासारखाच हा प्रकार आहे.

यावरचे उपाय फुकट आहेत आणि घरबसल्या करता येतात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमकार्डाला स्वतंत्र पिन लावावा, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही. कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणार नाही, अशी व्यवस्था करावी. कार्ड आणि फोन कधीही एकत्र ठेवू नयेत. यूपीआयची रोजची मर्यादा गरजेपुरती कमी करावी. *#०६# हे अंक दाबल्यावर दिसणारा फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, बँकेचा व मोबाइल कंपनीचा मदत क्रमांक आणि घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटाबाहेर वेगळे ठेवावेत. फोन गेल्यावर घरचा क्रमांकही आठवत नाही, ही आजची वस्तुस्थिती आहे.

फोन गेल्यानंतरचा पहिला तास मोलाचा असतो. सहप्रवाशाच्या फोनवरून प्रथम सिमकार्ड बंद करावे, मग बँकेला कळवून खाते व कार्ड गोठवावे. पैसे काढले गेल्याचे दिसल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाची जी चौकट आखून दिली, तिचे सूत्रच वेळेवर कळवणे हे आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोशीस ग्राहकाला लागत नाही; उशीर झाला की ती वाढत जाते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्याच माथी येते.

रेल्वेचे हात वर

सामान गेल्यावर ‘रेल्वेने भरपाई द्यावी’ ही मागणी स्वाभाविक असली, तरी तिला कायद्याचा आधार तोकडा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०० नुसार रीतसर नोंद करून पावती घेतलेल्या सामानाचीच जबाबदारी रेल्वेवर असते. प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाबाबत रेल्वेचा वा तिच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. २००५ मध्ये काशी विश्वनाथ एक्स्प्रेसने प्रवास करणाऱ्या एका व्यापाऱ्याचे कमरेच्या पट्ट्यातील एक लाख रुपये चोरीला गेले. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागले. मात्र जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. प्रवाशाला स्वतःच्या ऐवजाचे रक्षण करता आले नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतील त्रुटी म्हणता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे.

अर्थात दार पूर्ण बंद झालेले नाही. आरक्षित डब्यात अनधिकृत लोकांना शिरू दिल्यामुळे चोरी झाली, हे दाखवता आलेल्या काही प्रकरणांत ग्राहक आयोगांनी रेल्वेला भरपाई द्यायला लावली आहे. म्हणजेच आरक्षित डब्यात घुसखोरी दिसताच तपासनीसाला सांगणे, १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवणे आणि त्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवणे याला पुढे पुराव्याचे मोल येऊ शकते.

सुरक्षेची जबाबदारीही दोन दलांत विभागलेली आहे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे; त्याच्या १९५७ च्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन रेल्वेच्या मालमत्तेबरोबर प्रवाशांचे संरक्षणही त्याच्या कर्तव्यात आले. परंतु प्रवाशाच्या चोरीचा गुन्हा नोंदवणे आणि त्याचा तपास करणे हे काम राज्याच्या लोहमार्ग पोलिसांचे आहे. गणवेशातील जवान समोर दिसत असूनही तो तक्रार का लिहून घेत नाही, हे कोडे प्रवाशाला उलगडत नाही ते यामुळेच.

पाच हजारांचा उंबरठा

नव्या न्याय संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून नेण्याला स्वतंत्र ओळख दिली. शिक्षा मात्र कमाल तीन वर्षे, म्हणजे साध्या चोरीइतकीच राहिली. हरियाणा आणि गुजरात या राज्यांनी जुन्या दंडसंहितेत दुरुस्ती करून याच गुन्ह्यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली होती, हे येथे आठवते. महाराष्ट्रात सोनसाखळी चोरांच्या टोळ्यांविरुद्ध पोलिसांनी मोक्काचा वापर केला आहे. पण तो ठरावीक, मोठ्या टोळ्यांपुरता.

याहून महत्त्वाचा बदल चोरीच्या मूळ कलमात, ३०३ मध्ये आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने ऐवज परत केला असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी सामाजिक सेवेची शिक्षा द्यावी, अशी ही तरतूद आहे. भुकेपोटी एखादी वस्तू उचललेल्या माणसाला सराईतांच्या कोठडीत ढकलू नये, हा त्यामागचा विचार योग्यच म्हटला पाहिजे. अडचण पुढे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत या प्रकारच्या चोरीची नोंद अदखलपात्र अशी आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस करू शकत नाहीत. जुन्या कायद्यात चोरी कितीही रुपयांची असो, ती दखलपात्र होती.

पाच हजार ही रक्कम कायद्याला क्षुल्लक वाटली, तरी नाका कामगाराची ती आठवड्याची कमाई असते. शिवाय त्याच्या पाकिटात आधार कार्ड, रेशनकार्डाची प्रत आणि गावी पाठवायचे पैसे असतात. विमानाने जाणाऱ्याचा महागडा फोन गेला तर गुन्हा दखलपात्र. जनरल डब्यातील मजुराचे चार हजार गेले तर ‘एन.सी.’, असा या उंबरठ्याचा व्यवहारातील अर्थ होऊ शकतो.

वास्तविक तसा अर्थ लावण्याचे कारण नाही. आरोपी प्रथमच दोषी ठरला की नाही आणि त्याने ऐवज परत केला की नाही, हे खटल्याच्या शेवटी कळते. तक्रार घेताना चोर कोण, हेच अज्ञात असते. मग त्याला मिळू शकणारी सवलत तक्रारीच्या वेळीच गृहीत कशी धरणार? याच संहितेचे कलम ११२ टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांसाठी एक ते सात वर्षांची शिक्षा सांगते आणि त्यात खिसे कापण्याचा नावानिशी उल्लेख आहे. चोरी एकट्याने केली की टोळीने, हे तपासाशिवाय ठरत नाही. आणि रक्कम लहान म्हणून तपासच झाला नाही, तर टोळी कधीच उजेडात येणार नाही. रोज दहा जणांचे दोन-दोन हजार मारणाऱ्याला याहून सुरक्षित व्यवस्था कोणती?

अशा उंबरठ्याचा अनुभव इतर देशांनीही घेतला आहे. स्पेनमध्ये ४०० युरोंच्या आतील चोरी हा किरकोळ गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी दंड होतो. पर्यटकांनी गजबजलेल्या बार्सिलोनात त्याच त्याच खिसेकापूंना पकडायचे आणि सोडायचे, असे चक्र सुरू झाल्याने अखेर २०२२ मध्ये वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठी तेथील कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

‘गहाळ’ की ‘चोरी’?

प्रवाशाच्या दृष्टीने खरी कसोटी पोलीस ठाण्याच्या टेबलावर लागते. ‘चोरी लिहिलीत तर फेऱ्या माराव्या लागतील, गहाळ लिहा, दाखला लगेच मिळेल’ असा सल्ला मिळाल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. नवे सिमकार्ड किंवा कागदपत्रे मिळवण्यासाठी तो दाखला पुरतो आणि घाईत असलेला प्रवासी तो स्वीकारतो. परंतु गहाळ झालेल्या वस्तूचा गुन्हा नोंदला जात नाही, गुन्हा नसला की तपास नसतो, आणि त्या स्थानकावर चोऱ्या वाढल्याचे आकडेवारीत कधीच दिसत नाही. पोलीस बंदोबस्त ठरतो तो याच आकडेवारीवर.

म्हणून चोरी झाली असेल तर ‘चोरी’ असेच लिहिण्याचा आग्रह धरला पाहिजे. हद्दीचा प्रश्न आता आड येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिल्यास तीन दिवसांत सही केली की पुरते. धावत्या गाडीत तपासनीसाकडे किंवा सुरक्षा जवानाकडे तक्रारीचा छापील अर्ज मिळतो; तो भरून दिल्यास प्रवास न मोडता तक्रार पुढील स्थानकाच्या लोहमार्ग पोलिसांकडे पोहोचते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे.

या नोंदीला आता तंत्रज्ञानाची जोड मिळाली आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली आणि मे २०२३ पासून देशभर उपलब्ध झालेली सीईआयआर ही यंत्रणा आयएमईआय क्रमांकावरून चोरीचा फोन देशातील सर्व मोबाइल जाळ्यांवर बंद पाडते. कोणी त्यात सिमकार्ड घातले, तर त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो. त्यासाठी ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पोलीस तक्रारीची प्रत जोडावी लागते आणि आपला मूळ क्रमांक नव्या सिमवर सुरू करून घ्यावा लागतो. विक्रीयोग्य न उरलेला फोन चोरण्यात चोराला रस राहत नाही. मात्र यंत्रणेला मर्यादाही आहेत. चोरीचे फोन देशाबाहेर पाठवणाऱ्या टोळ्या पोलीस तपासात उघड झाल्या आहेत आणि तेथे ही बंदी लागू होत नाही.

सूचनेपलीकडे

प्रवाशाने आपल्या वाट्याचे काम केल्यावर यंत्रणेच्या वाट्याचे काम उरतेच. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलची दारे बंद असतात, त्यामुळे फटका टोळीला तेथे वावच नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्युमुखी पडल्यावर साध्या गाड्यांनाही बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा रेल्वेने केली. तिची अंमलबजावणी अपघातांबरोबर या गुन्ह्यालाही आळा घालील. एसटी फलाटावर चढण्यासाठी कठड्याची रांग, गाडी मंदावते अशा ठिकाणी दिवे व गस्त, साध्या वेशातील पोलीस आणि स्थानकनिहाय चोऱ्यांची दरमहा जाहीर होणारी आकडेवारी, हे उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. पाच हजारांखालच्या तक्रारींबाबत गृह खात्याने पोलीस ठाण्यांना स्पष्ट सूचना देणे तर बिनखर्चाचे आहे.

त्याची निकड लवकरच जाणवेल. २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ पर्वाची मुख्य स्नाने आहेत. लाखो भाविक रेल्वेने आणि एसटीने येतील. त्यांतील अनेक जण वयस्कर, अल्पशिक्षित आणि परप्रांतीय असतील; कमरेला गाठ मारलेले दोन-तीन हजार रुपये हीच त्यांची परतीची सोय असेल. ते गेले, तर तक्रार कोठे करायची हे त्यांना ठाऊक नसेल आणि कायद्याच्या लेखी ती रक्कम उंबरठ्याच्या आतली असेल. या भाविकांना सावध राहायला सांगण्याबरोबरच, त्यांची तक्रार लिहून घेणारा माणूस प्रत्येक घाटावर आणि प्रत्येक फलाटावर बसवण्याची तयारी आताच सुरू झाली पाहिजे.